सॅम्पलचा रेट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला काय हवं ते एका श्वासात सांगावं लागतं. दुसरा श्वास घेईपर्यंत तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो. म्हणून पुण्याहून गाडी सुटल्यापासून मी वाक्य घोटत होतो. काउंटरला पोट टेकवलं आणि म्हणालो, "सॅम्पल रेट कन्व्हर्टर आहे का?"

"सॅम्पलला वेगळा रेट नाही," तो म्हणाला. "एक घ्या, शंभर घ्या. रेट सेम."

मी सांगितलं, की ही एक चिप असते. डिजिटल आवाज एका वेगातून दुसऱ्या वेगात नेते. त्यानं ऐकून घेतलं आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "ॲम्प्लिफायरची आयसी देऊ का? सगळे तीच नेतात."

'सगळे तीच नेतात' हे ऐकलं, की माझ्यासारख्यांचं मन त्या वस्तूवरून कायमचं उडतं. घरी बसून डिजिटल ऑडिओची यंत्रं जोडणाऱ्यांची जातच तशी. बाजारात पाच-सहा हजारांत चांगलं तयार यंत्र मिळतं हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. तरी आम्ही अठरा महिने खपून, वीस हजार घालवून, त्याहून किंचित वाईट यंत्र घरी बनवतो. आणि त्यात एखादी अशी चिप बसवतो, की जिचं नाव ऐकून दुकानदारानंही पंख्याकडे बघावं.

पुण्यात तर आणखी पंचाईत. इथे सॅम्पल म्हणजे मिसळीवर ओतायचा लालभडक रस्सा. मी फोनवर 'सॅम्पल रेट, सॅम्पल रेट' करत होतो तेव्हा सौ. आतून म्हणाली, "एक्स्ट्रा सॅम्पलचे हल्ली सगळीकडेच पैसे घेतात हो. त्यात एवढं तावातावानं बोलण्यासारखं काय आहे?"

खरं तर स्वयंपाकघरातून बघितलं तर हा विषय लवकर कळतो. डिजिटल आवाज म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आवाज अखंड वाहतो, तो काही मुठीत धरता येत नाही. म्हणून ठरावीक अंतरानं त्याचं एकेक शीत उचलायचं आणि त्याचं माप लिहून ठेवायचं. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. तेवढं सगळं पकडायचं तर दुपटीहून जास्त शितं उचलावी लागतात. सीडीसाठी ती सेकंदाला ४४,१०० उचलतात. या शिताला शास्त्रात नमुना म्हणतात. हे सांगितल्यावर सौ. म्हणाली, "नमुने मोजायला यंत्र कशाला? घरात एकच तर आहे."

आता ४४,१००च का? चाळीस हजार नाही, पंचेचाळीस हजार नाही. घासाघीस करून करून ठरलेल्या भाजीच्या भावासारखा हा आकडा. तर त्याचं असं झालं, की १९७०च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपइतकी ऐसपैस जागा दुसरी नव्हती. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन नमुने मावत. जपान-अमेरिकेकडच्या पद्धतीत कामाच्या रेषा २४५ आणि सेकंदाला ६० वेळा. तीन गुणिले २४५ गुणिले ६०, झाले ४४,१००. युरोपच्या पद्धतीत रेषा २९४ आणि सेकंदाला ५० वेळा. करा गुणाकार. पुन्हा ४४,१००! पत्रिकेत छत्तीस गुण जुळल्यावर मुलगा काय करतो हे कोण विचारतं? ऑक्टोबर १९८२मध्ये जपानात सीडी बाजारात आली ती हाच आकडा कपाळी घेऊन. व्हिडिओ टेप केव्हाच भंगारात गेली. तिच्या रेषा मात्र आजही आपल्या गाण्यात आहेत.

मग बाकीच्या जगानं हाच आकडा घ्यावा की नाही? पण चित्रपट-दूरचित्रवाणीवाल्यांनी ४८,००० धरला, १९८७च्या डॅट टेपनंही त्यालाच मान दिला, आणि काही रेडिओवाले ३२,०००वर समाधानी राहिले. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं आणि नळ एक, अशी अवस्था.

४४,१००चे ४८,००० करायचे म्हणजे दर १४७ नमुन्यांचे १६० करायचे. मंगल कार्यालयात लाडू १४७ आणि पानं १६०! वरचे तेरा बाहेरून मागवून भागत नाही. सगळेच्या सगळे १४७ मोडायचे आणि त्यांचे १६० असे वळायचे, की कुणाला आपला लाडू पुन्हा वळलाय अशी शंका येता कामा नये. बेदाणासुद्धा जिथल्या तिथे. आणि अशा पंगती सेकंदाला ३०० उठतात. आचारी पळून जाईल.

हे न करता ४४,१००ची गाणी तशीच ४८,०००च्या वेगानं लावली तर? तासाची मैफल ५५ मिनिटं साडेसात सेकंदांत आटोपते. काही श्रोत्यांची याला हरकत नसेल. पण पांढरी एकमध्ये षड्ज लावून बसलेला गवई उठून काळी एक आणि पांढरी दोन यांच्या जवळजवळ मधोमध जाऊन बसतो. पेटीवर तिथे पट्टी नाही, फट आहे.

तरी हा हिशेब दोन्ही घड्याळं प्रामाणिक असतील तरचा. प्रत्येक यंत्रात स्फटिकाचं आपापलं घड्याळ असतं आणि दोन घड्याळांचं कधी जुळत नाही. दहा लाखांत पन्नासाचा फरक घ्या. मनगटावरच्या घड्याळाला दिवसाकाठी चार सेकंद, म्हणजे काहीच नाही. इथे मात्र सेकंदाला दोन-दोन नमुने उरायला किंवा कमी पडायला लागतात आणि ऐन आलापात 'टक्' असा आवाज येतो. आमच्या घरी वडिलांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, कारण गाडी चुकू नये. स्वयंपाकघरातलं सात मिनिटं मागे, कारण सेल बदलायचं काम माझ्याकडे आहे. तरी सगळ्यांची पानं एकाच वेळी वाढली जातात. कारण सौ. दोन्ही घड्याळांवर डोळा ठेवून, कोण किती चुकतंय याचा सतत अंदाज बांधत कुकर लावते. असिंक्रोनस सॅम्पल रेट कन्व्हर्टर नेमकं हेच करतो. मी हे कौतुकानं तिला सांगितलं. आपल्याला चिप म्हटलेलं तिला आवडलं नाही.

चिप हे कसं साधते ते तिच्या माहितीपत्रकात असतं. एडी १८९६चं माहितीपत्रक सांगतं, की शेजारच्या दोन नमुन्यांच्या मध्ये दोनचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ जागा आहेत अशी कल्पना करा. आता हव्या त्या क्षणाला त्यातली जी जागा जवळ असेल तिथला आवाज घ्या. अर्थात तेवढ्या सगळ्या जागा कुणी भरत बसत नाही. लागेल तेवढ्याच जागेचा आवाज आजूबाजूच्या ६४ नमुन्यांना विचारून काढायचा. ६४ शेजाऱ्यांना विचारून एक गोष्ट ठरवणं हे ज्याला अद्भुत वाटतं, त्यानं आमच्या सोसायटीची वार्षिक सभा बघितलेली नाही. फरक इतकाच, की तिथे निष्कर्ष निघत नाही.

या घराण्यातल्या चिपांची यादी मी एकदा कागदावर लिहून टेबलावर ठेवली होती: एडी १८९०, एडी १८९१, एडी १८९३, एडी १८९५, एडी १८९६. कंपनीच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढे क्रमांक, एवढाच त्याचा अर्थ. पण माझे वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक. 'ए.डी.' म्हणजे इसवी सन, याबद्दल त्यांच्या मनात संशय नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ धरला.

"१८९०. जोतीराव गेले. १८९१, संमतिवयाचा कायदा. १८९३, गणेशोत्सव सार्वजनिक झाला. १८९५, पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन. १८९६, मुंबईत प्लेग." मग माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं, की दहावीच्या निकालालाही तसं बघितलं नव्हतं. "उशिरा का होईना, इतिहासाकडे वळलास. पण १८९७ राहिलं की. रँडला विसरून कसं चालेल?"

"बाबा, या चिपा आहेत."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तरी क्रम बरोबर लावलायस."

यातली एडी १८९० आमच्यात पूजनीय. ती १९९०च्या दशकातली. तिला ऐसपैस, झुरळासारखे पाय असलेलं अंग मिळायचं, एका पायापासून दुसरा अडीच मिलिमीटरवर. आता ती निघत नाही. आमच्या शास्त्रात उत्पादन बंद झालं की चिपचा आवाज सुधारतो. बनत होती तेव्हा तिच्यात दोष होते. बंद झाल्यावर तिला 'ऊब' आली. आमच्यातला एकजण तिच्या आवाजाला 'जाळीदार' म्हणतो. हे विशेषण मी तोवर अनारशापलीकडे ऐकलं नव्हतं.

दुर्मीळपणाची गोडी कशी लागते त्याचा पुरावा आम्ही २०२०मध्ये पाहिला. त्या वर्षी २० ऑक्टोबरला जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेईच्या चिप बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. ती विझायला तीन-एक दिवस गेले. जगभरचे ऑडिओवाले हवालदिल झाले, कारण आवाजाच्या किती तरी चिपा तिथूनच यायच्या. आमच्या एका मित्रवर्यांच्या खणात त्या कंपनीची एक एके ४१३७ पडून होती. ती सेकंदाला ७,६८,००० नमुन्यांपर्यंत धावते. आपल्याकडे तेवढ्या वेगाचं गाणं नाही, म्हणून ती वापरायची राहिली होती. आगीनंतर त्यांनी ती खणातून काढून कपाटात ठेवली. चिपांचे भाव चढले तशी ती कपाटातून तिजोरीत गेली. टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी झालेला हा माणूस. "सोनं वितळवून परत करता येतं," ते मला म्हणाले, "ही परत कोण करणार?" चिप अजून तिजोरीतच आहे. तिच्यातून आजवर एक सूरही गेलेला नाही, त्यामुळे ती आमच्या परिचयातली सर्वांत निर्दोष चिप आहे.

मी मात्र वापरणारा माणूस. मी एडी १८९६ घ्यायची ठरवली. तिचं एक बरं आहे. दुसऱ्या कंपनीची एसआरसी ४१९२ तिच्याच जागी तशीच्या तशी बसते. पाय तितकेच, म्हणजे २८, आणि कामंही त्याच क्रमानं वाटलेली. जुळ्यांतली एक दिली आणि दुसरी मांडवात आली तरी भटजींना कळू नये. पण दोघींच्या आवाजावरून आमच्यात दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात पाणीही घेतलं जात नाही.

चिप परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवली. चिप स्वस्त होती, डबा महाग आला, आणि जकातीनं दोघांनाही मागे टाकलं. डब्यात फेसाचा तुकडा, त्यात वेलदोड्याएवढी चिप आणि तिच्यावर ठसठशीत पांढरं नाव. इतकं ठसठशीत, की मलाच संशय आला. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन हलकेच पुसलं. नाव बोळ्यावर आलं! खाली दुसऱ्याच कुणाचं तरी खरवडलेलं नाव. हा धंदा जुना आहे. भंगारातली चिप घासतात, वर काळा लेप देतात आणि मोठ्या घराण्याचं नाव छापतात. स्थळं बघताना हे प्रकार ऐकले होते. तिथे ॲसिटोन चालत नाही.

दुसऱ्यांदा मागवलेली चिप खरी निघाली. आता ती डाखायची. तिच्या दोन पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर, आणि माझं वय छप्पन्न. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पाय दिसत, वरच्या भागातून सोल्डरिंग आयर्न दिसे. दोन्ही एकदम दिसायला मान अशी करावी लागे, की शेजारी विचारून गेले, "उचकी लागलीय का?" चिप धरायला सौ.चा भुवयांचा चिमटा घेतला. श्वास रोखला. बरोबर त्याच क्षणी कुकरनं शिट्टी दिली आणि चौदा पाय एका फटक्यात एकत्र कुटुंबात गेले. त्यांच्या वाटण्या करायला दोन रविवार लागले.

इथे एक कबुली देतो. माझ्या यंत्राला या चिपची गरज नव्हती. माझ्याकडे सीडीच आहेत, सगळ्या ४४,१००च्या, आणि माझा डॅक, म्हणजे नमुन्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग, तो वेग आनंदानं घेतो. पण आमच्यात अशी श्रद्धा आहे, की सीडी प्लेअरकडून तारेतून येणारे नमुने थोडे मागेपुढे लडखडत येतात. त्याला जिटर म्हणतात. चिपमधून नेले की ते नव्या घड्याळाच्या तालावर एका रांगेत बाहेर पडतात. विरोधी पक्षाचं म्हणणं असं, की चिप केर काढत नाही, तो सतरंजीखाली सारते. वेळेतली चूक नमुन्याच्या मापात मिसळून टाकते आणि मग ती ब्रह्मदेवालाही वेगळी काढता येत नाही. तत्त्व म्हणून दोघांचंही खरं आहे. चिप बरीचशी लडखड गाळते, उरलेली पोटात घालते. पण 'दोघांचंही थोडं खरं आहे' म्हणणाऱ्याला आमच्यात चहा मिळत नाही.

परीक्षेसाठी मी यंत्राला एक स्विच बसवला. दांडी डावीकडे, तर आवाज सरळ डॅककडे. उजवीकडे, तर चिपमधून वळसा घेऊन. पहिल्या रविवारी मित्रवर्य आले. भीमसेनांची सीडी लावली. दांडी उजवीकडे केली मात्र, मित्रवर्यांनी डोळे मिटले. "तंबोरा बघ. आधी भिंतीत होता, आता खोलीत आला." मलाही तो खोलीत दिसला. खर्जाला बूड आलं होतं. दोन स्वरांमधली जागा लख्ख झाली होती. वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, "दोन्ही वेळा भीमसेनच आहेत." सौ.ला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "फरक कळायला आधी तुम्ही दोघं बोलायचं थांबवा."

असे आम्ही पाच महिने फरक ऐकला. त्यावर वही भरली. दिवाळीच्या आधी साफसफाईत यंत्र उघडलं, तेव्हा दिसलं की स्विचच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या तारा मी एकाच ठिकाणाहून आणल्या होत्या. चिपच्या बाहेर जाणाऱ्या तारा लोंबत होत्या. पाच महिने ती आत बसून १४७ लाडवांचा हिशेब करत होती, आणि पंगत दुसऱ्याच दारानं जेवून जात होती.

तारा नीट जोडल्या. हात थरथरत होते. दांडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आणि या वेळी, चिप खरोखर मध्ये असताना, काहीही फरक ऐकू आला नाही.

दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. मग लक्षात आलं, की हाच तर चिपचा मोठेपणा! एसआरसी ४१९२चं माहितीपत्रक १४४ डेसिबलचा आवाका सांगतं आणि तिची जुळी बहीणही दोन-तीन पावलांवरच आहे. सीडीचा आवाका साधारण ९८. एवढ्या तयारीच्या आचाऱ्यानं लाडू पुन्हा वळले तर चव बदलणारच नाही. फरक ऐकू आला असता, तर चिप वाईट. मी धावत मित्रवर्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे चिप घालून आणि न घालून सारखंच वाजतं, म्हणून चिप उत्तम?"

"अगदी बरोबर."

"मग माझी तिजोरीतली त्याहून उत्तम."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अठरा महिन्यांच्या कामाची पावती काय, तर काही झाल्याचं कुणाला कळू नये! सुईचं काम करणाऱ्याला निदान रफू उलट करून तरी दाखवता येतं.

मग एक गुरुवार आला. पुण्यातल्या गुरुवारांप्रमाणे दुरुस्तीसाठी वीज गेली. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि माझं यंत्र, एवढंच चालू. तीच सीडी लावून अंधारात बसलो होतो. सौ. भाजी निवडता निवडता थांबली. शेंग हातात तशीच.

"अहो, आज काय केलंत हो?" ती म्हणाली. "तंबोरा ऐकू येतोय. असा कधी यायचा नाही."

वीस हजार रुपये, पाच महिन्यांची वही, जकात, चौदा पायांच्या वाटण्या, सगळं त्या एका वाक्यात वसूल झालं. मी आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणालो, "चिप."

तेवढ्यात वीज आली. स्वयंपाकघरात फ्रिजनं अंग झटकलं, घसा खाकरला आणि आपला रोजचा खर्ज लावला. वरती पंखा सुरू झाला. तंबोरा हळूच परत भिंतीत गेला.

सौ.नं फ्रिजकडे बघितलं. मग पंख्याकडे. मग माझ्याकडे. पुढची शेंग मोडत म्हणाली, "दर गुरुवारीच चालते वाटतं तुमची चिप?"